थॉमस बर्च फ्रीमन : गोल्ड कोस्टवरची बावन्न वर्षं

रानजाई (धागाकर्ती)

१८३८च्या जानेवारीत थॉमस बर्च फ्रीमन हा २८ वर्षांचा वेस्लियन मेथडिस्ट (हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनरी पत्नीसह केप कोस्टला उतरला. हा आजच्या घानाचा किनारा, तेव्हाचं नाव गोल्ड कोस्ट. तिथे बंदर नव्हतं. जहाज लांब उभं राहायचं आणि स्थानिक नावाडी होडीतून लाटा फोडत माणसांना काठावर आणायचे. काठावर आल्यावर फ्रीमनला कळलं की ज्यांच्यासोबत काम करायचं म्हणून तो आला, त्यातलं कुणीही जिवंत नाही. पहिला मिशनरी जोसेफ डनवेल १ जानेवारी १८३५ला आला आणि सहा महिन्यांच्या आत वारला. मग रिगली दांपत्य आलं, त्यांच्यामागून हॅरॉप दांपत्य. १८३७ संपायच्या आत चौघेही दफन झाले होते. फ्रीमन स्वतः लगेच तापाने आडवा पडला. पत्नी एलिझाबेथने त्याची शुश्रूषा केली, तो उठला आणि ती गेली. किनाऱ्यावर येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते.

हा माणूस पुढे बावन्न वर्षं त्याच किनाऱ्यावर राहिला. १२ ऑगस्ट १८९० रोजी अक्राला वारला. मधल्या काळात त्याने काय मिळवलं आणि काय गमावलं, त्याबद्दल हा धागा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. गोल्ड कोस्टचं मेथडिस्ट चर्च फ्रीमनने ‘नेलं’ असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. ते चर्च तिथल्या फांटी जमातीच्या तरुणांनी मागून घेतलं, आणि फ्रीमनचं मोठेपण असं की त्याने हे ओळखलं आणि सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवली.

आधी पूर्वपीठिका. केप कोस्टच्या किल्ल्यात एक शाळा होती. त्याच किल्ल्याच्या तळघरांत १८०७पर्यंत गुलाम कोंडले जात. ही शाळा वाढवली फिलिप क्वाकू याने. तो स्वतः फांटी, इंग्लंडमध्ये शिकून १७६५ मध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, पाद्री झाला, दुसऱ्या वर्षी परतला आणि १८१६ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी १८३१ मध्ये एकत्र बसून बायबल वाचायचं मंडळ काढलं. ना पाद्री, ना मिशन. मंडळाचा म्होरक्या विल्यम डी ग्राफ्ट. वाद झाले, तेव्हाचा ब्रिटिश प्रशासक जॉर्ज मॅक्लीन याने डी ग्राफ्टला काही काळ कोठडीत टाकलं, पुढे तो त्याच किनाऱ्यावरच्या डिक्सकोव्हला गेला. तिथे त्याला ब्रिस्टलच्या एका व्यापारी जहाजाचा कप्तान पॉटर भेटला. डी ग्राफ्टने त्याच्याकडे बायबलच्या प्रती मागितल्या. पॉटर लंडनला वेस्लियन मिशनरी सोसायटीकडे गेला, एक माणूस द्या म्हणाला, नेण्याचा खर्च मी करतो म्हणाला. डनवेल आला तो असा.

डनवेल वारल्यावर या मंडळींची बैठक झाली आणि त्यांनी ठरवलं की मिशनरी मेला तरी देव आहे, आपण थांबायचं नाही. म्हणजे १८३८ मध्ये फ्रीमन आला तेव्हा मिशनरी नव्हते, पण मंडळी होती आणि भिंती उभ्या राहिलेलं चर्चही होतं. जूनमध्ये ते पुरं होऊन उघडलं.

आता फ्रीमन कोण? जन्म १८०९, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचं ट्वायफर्ड हे गाव. वडील आफ्रिकी, आई एमी बर्च इंग्रज. पेशाने तो माळी होता. सफोकमध्ये इप्सविचजवळ एका सरदाराच्या बागेचा मुख्य माळी, वनस्पतींचा चांगला जाणकार. सरदार अँग्लिकन होता आणि माळी मेथडिस्ट झाला, यावरून नोकरी गेली. पुढे क्यूच्या वनस्पती उद्यानाच्या विल्यम हूकर यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि आफ्रिकेतूनही तो झाडांबद्दल कळवत राहिला. केप कोस्टपासून काही मैलांवर बेउला नावाची बाग-शेती त्याने उभी केली. तिथे मुलं सकाळी अक्षरं गिरवायची आणि नंतर मातीत काम करायची. एका माळ्याला हे दोन वेगळे विषय वाटत नसणार.

सगळ्यात गाजलेला भाग कुमासीचा. कुमासी ही आसांटे राज्याची राजधानी, आत जंगलात. १८२४ मध्ये आसांटे सैन्याने ब्रिटिश गव्हर्नर मॅकार्थी याला लढाईत मारलं होतं. १८३१ मध्ये मॅक्लीनने तह केला, त्यात राजघराण्यातले दोन तरुण आणि ६०० औंस सोनं ओलीस म्हणून ठेवलं गेलं. फ्रीमन १८३९च्या जानेवारीअखेर पायी निघाला. वाटेत फोमेना इथे त्याला आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवलं, कारण हा हेर तर नाही ना ही शंका राजाला होती. १ एप्रिलला तो कुमासीत पोचला. हजारो लोक, छत्र्या, सोनं, ढोल. राजा क्वाकू दुआ पहिला याने त्याचं स्वागत केलं. त्याच मुक्कामात राजघराण्यातल्या एका मृत्यूनंतर माणसं बळी दिली गेली, तेही फ्रीमनने पाहिलं आणि रोजनिशीत लिहिलं.

ही रोजनिशी इंग्लंडमध्ये छापली गेली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. १८४० मध्ये फ्रीमन निधी गोळा करायला गेला तेव्हा सोबत डी ग्राफ्ट होता. इंग्लंडच्या सभांमध्ये एक फांटी तरुण उभा राहून बोलतोय, हे १८४० मधलं चित्र मला फार महत्त्वाचं वाटतं.

परतल्यावर १८४१च्या डिसेंबरात तो पुन्हा कुमासीला गेला. यावेळी ओलीस म्हणून गेलेले दोन राजपुत्र, ओवुसू न्क्वांटाबिसा आणि ओवुसू अन्सा, इंग्लंडमध्ये शिकून परत निघाले होते. राजासाठी भेट म्हणून चारचाकी घोडागाडी होती. रस्ता नाही, मध्ये प्रा नदी, झाडं तोडत माणसांनी ती गाडी ओढत जंगलातून नेली. राजा खूश झाला, मिशनला जागा मिळाली आणि रॉबर्ट ब्रुकिंग हा मिशनरी तिथे राहिला.

१८४२ मध्ये फ्रीमन समुद्रमार्गे पूर्वेला आजच्या नायजेरियात बडाग्रीला गेला. का, तर बोलावणं आलं होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून सिएरा लिओनला वसवलेले योरुबा लोक आपापल्या मुलखात परतू लागले होते. ते तिकडे ख्रिस्ती झालेले, त्यांना शिक्षक हवा होता. पुन्हा तेच, मागणी तिथल्यांची. अबेओकुटा या योरुबा शहराचा प्रमुख सोडेके याने मायेने स्वागत केलं. २४ डिसेंबरला फ्रीमन बडाग्रीला परतला, तर तिथे अँग्लिकन मिशनचा हेन्री टाउनसेंड आलेला. पंथ वेगळे, पण नाताळ दोघांनी मिळून साजरा केला. मग फ्रीमन दाहोमीच्या (आजचा बेनिन) घेझो राजाकडे गेला. बडाग्रीचं काम मात्र त्याने डी ग्राफ्टवर सोपवलं.

पुढची गोष्ट सुखाची नाही. दुसरी पत्नी लुसिंडा १८४१ मध्येच वारली. मिशन पसरलं, शाळा वाढल्या, खर्च हाताबाहेर गेला. लंडनची समिती वर्षानुवर्षं ताकीद देत राहिली. शेवटी चौकशीसाठी डॅनियल वेस्ट यांना पाठवलं आणि १८५७ मध्ये फ्रीमनने राजीनामा दिला. ज्या मिशनचा तो एकोणीस वर्षं कणा होता, त्यातून तो बाहेर पडला.

बाकी प्रतिसादांत बोलू.

खडकवाट

उत्तम लेख. वडील आफ्रिकी म्हणता, तर तिथले लोक त्यांना आपल्यातला मानत की साहेब?

रानजाई

साहेबच मानत, आणि तेही स्वतःला इंग्रज मिशनरी म्हणूनच मांडत. छापलेल्या रोजनिशीत बोलणारा माणूस इंग्रज प्रवासी आहे, वडिलांच्या मुळाबद्दल तो गप्प आहे. भाषेचंही तसंच. इतकी वर्षं राहूनही फांटी त्यांना बोलण्याइतकी कधी आली नाही, प्रवचन कायम दुभाष्यामार्फत. ही त्यांची मोठी उणीव आहे आणि ती झाकायचं कारण नाही. पण तिसरं लग्न त्यांनी १८५४ मध्ये फांटी स्त्रीशी केलं, मुलंबाळं तिथेच झाली. इंग्लंडला परत जाऊन राहायचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

पथ्यपाणी

डॉक्टर या नात्याने एका मुद्द्यावर लिहितो. फ्रीमन जगले कारण ‘आफ्रिकी रक्त’, असं त्या काळी बोललं जाई आणि अजूनही बोललं जातं. हे अर्धवट आहे. मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती दोन प्रकारची. एक जन्मजात : सिकल सेलचा एक जनुक वाहणाऱ्याला फॅल्सिपॅरम या सर्वात घातक मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं. वडिलांकडे तो असेल तर मुलाकडे यायची शक्यता निम्मी. दुसरी कमावलेली : लहानपणापासून वारंवार ताप येऊन जो वाचतो त्याच्यात ती तयार होते. हॅम्पशायरमध्ये वाढलेल्या मुलाला ही दुसरी मिळणं शक्य नव्हतं. आल्या आल्या ते तापाने पडले, ते त्यामुळेच. आणि पीतज्वरही त्या किनाऱ्यावर होता, तो वेगळाच.

क्विनाइन तेव्हा माहीत होतं, पण ताप यायच्या आधीपासून रोज घ्यायचं ही पद्धत १८५४च्या नायजर मोहिमेनंतर रुजली. त्याआधी ताप आला की रक्त काढायचे आणि पारायुक्त औषधं द्यायचे, ज्याने रोगी आणखी खचायचा. एलिझाबेथ, लुसिंडा, हॅरॉप, रिगली ही सगळी माणसं त्याआधीची. त्यांना माहीत होतं आपण कुठे चाललोय, तरी आली. धर्माबद्दल कुणाचं मत काहीही असो, या धैर्यापुढे मी नमतो.

सईची आई

हॅरिएट रिगली यांच्याबद्दल भर घालते. त्या केप कोस्टला जेमतेम काही महिने जगल्या, पण तेवढ्यात १८३६ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. तीच पुढे वेस्ली गर्ल्स हायस्कूल झाली आणि आज घानातल्या मुलींच्या सर्वात नावाजलेल्या शाळांमध्ये तिची गणना होते. सावित्रीबाईंची पुण्यातली शाळा १८४८ची, म्हणजे काळ जवळपास तोच. मिशनऱ्यांच्या बायकांची नावं बहुतेक ठिकाणी ‘सौ. अमुक’ इतकीच येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तळटीप

रानजाई, लेखनाबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. डी ग्राफ्टचं मंडळ, योरुबांची मागणी, हे सगळं खरं. पण कुमासीच्या राजाला हेर वाटला, तो राजा मूर्ख नव्हता. मिशनरी गेला, त्याने रस्ता पाहिला, नद्या पाहिल्या, लोकसंख्या, शस्त्रं, दरबार सगळं लिहून छापलं. त्यानंतर पस्तीस वर्षांत, १८७४ मध्ये ब्रिटिश सेनापती वूल्झलीच्या फौजेने कुमासी जाळलं. फ्रीमनच्या मनात तसं नसेल, मात्र रोजनिशी लंडनमध्ये कोण कोण वाचत होतं? शिवाय मिशन सोडल्यावर हे गृहस्थ ब्रिटिश सरकारचे अक्राचे सिव्हिल कमांडंट (मुलकी प्रशासक) झाले, १८५७ ते १८६०. वसाहतीचा अधिकारीच झाले की.

रानजाई

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळत नाही. फ्रीमन ब्रिटिश संरक्षणाच्या बाजूचे होते, ब्रिटिश सत्ता आली की नरबळी आणि गुलामांचा व्यापार थांबेल असा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासात सत्तेच्या स्वार्थाकडे डोळेझाक होती.

तरी एक बाजू मांडते. घोडागाडी नेणारा माणूस आणि तोफ नेणारा माणूस यांत फरक करायला हवा. आसांटे दरबाराने मिशनला जागा दिली, पण धर्म फारसा घेतला नाही. क्वाकू दुआने फ्रीमनना मान दिला आणि स्वतःचं धोरण जराही बदललं नाही. म्हणजे त्या भेटीत वरचढ राजाच होता. फ्रीमन बळजबरी करू शकत नव्हते, विनंती आणि भेटवस्तू एवढंच हातात होतं. १८७४चा हल्ला वेगळ्या कारणांनी झाला. डच लोकांनी एलमिनाचा किल्ला ब्रिटिशांना दिला आणि समुद्राकडचं आसांटेंचं दार बंद झालं, त्यातून ते युद्ध पेटलं.

टेमावासी

मी नोकरीनिमित्त घानात राहतो. केप कोस्टला किल्ल्यापासून चालत अगदी थोड्या अंतरावर वेस्ली मेथडिस्ट कॅथेड्रल आहे, चौकाचं नावच चॅपल स्क्वेअर. गुलामांचा किल्ला पाहून सुन्न होऊन पर्यटक थेट बसमध्ये बसतात, चर्चकडे वळत नाहीत. वळायला हवं. त्या चर्चमधून निघालेल्या शाळांनी देश घडवला. १८७६ची मफांट्सिपिम ही मुलांची शाळा मेथडिस्टांचीच, कोफी अन्नान तिथे शिकले. घानाचं मेथडिस्ट चर्च १९६१ पासून पूर्ण स्वतंत्र आहे.

पण मला सांगायचंय ते गाण्याबद्दल. फांटी मेथडिस्ट चर्चमध्ये ‘एबिबिन्द्वोम’ नावाचा प्रकार आहे. वेस्लीची इंग्रजी गीतं निरक्षर बायकांना म्हणता येईनात, तेव्हा त्यांनी आपल्या चालीत, आपल्या भाषेत गायला सुरुवात केली, आणि फ्रीमननी त्यांना उत्तेजन दिलं अशी तिथली परंपरा सांगते. एक बाई सूर लावते, बाकीच्या झेलतात. पुस्तक नाही, वाद्य असलं तर असलं. प्रवचन चालू असताना मधेच एखादी आजी उठून त्याच विषयावरचं पद सुरू करते आणि पाद्री थांबतो. ज्याला फांटी येत नव्हती त्याच्या चर्चमध्ये फांटीतलं हे सगळ्यात अस्सल गाणं रुजलं. रानजाई, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

नगरची लेक

टेमावासी दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या नगरला रेव्हरंड टिळकांची भजनं ऐकत मोठी झाले. इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीतं आजीला कधी पाठ झाली नाहीत, आणि टिळकांचे अभंग तिने कधी वाचून पाठ केले नाहीत, ते आपोआप ओठावर आले. टिळकांच्या आधीपासून नगरला ख्रिस्ती कीर्तन होत असे. आमचं मिशन मेथडिस्ट नाही, अमेरिकन मराठी मिशन. तरी भाषा आणि चाल आपली झाल्याशिवाय देऊळ काय, चर्च काय, आपलं वाटत नाही, हे तिकडे आणि इकडे सारखंच.

जमाखर्च

मी हिशोबाच्या बाजूने बोलणार, कारण या धाग्यात समितीला खलनायक केलं जाईल असं दिसतंय. त्या काळी पैसा कसा जायचा ते बघा. परदेशातला मिशनरी खर्च करायचा आणि लंडनच्या खजिनदारावर हुंडी काढायचा. हुंडी महिन्यांनी लंडनला पोचायची, तेव्हा समितीला कळायचं की पैसे केव्हाच खर्च झालेत. नाकारली तर मिशनची पत संपली, म्हणून भरायचीच. आणि हा पैसा कुठला? गिरण्यांत, खाणींत काम करणाऱ्या मेथडिस्ट कुटुंबांनी आठवड्याला पेनी पेनी करून दिलेला. त्याचा जाब विचारणं हे समितीचं कर्तव्यच होतं. फ्रीमन प्रामाणिक होते याबद्दल वाद नाही, एक पैसाही त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. पण उदार माणसाच्या हाती तिजोरी देऊन वर लक्ष न ठेवणं ही व्यवस्थेची चूक.

याला एक मुंबईशी जोडलेला धागाही आहे. विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट १८७१ मध्ये मुंबईत आले. त्यांचा आग्रह नेमका उलटा होता. मिशनच्या समितीचा पैसा घ्यायचाच नाही, मंडळींनी आपला पाद्री आपण पोसायचा. मुंबईतले जॉर्ज बोवेन, जे आधीच पगार सोडून फकिरासारखे राहत होते, ते त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. हेच टेलर १८८४ मध्ये मेथडिस्टांचे आफ्रिकेसाठीचे बिशप झाले आणि स्वावलंबनाचा प्रयोग अंगोला-काँगोकडे घेऊन गेले. तिथे तो कितपत झेपला हा वेगळा विषय. पण पैशाचा प्रश्न फ्रीमन यांच्यापुरता नव्हता, अख्ख्या मिशन चळवळीचा होता.

रानजाई

जमाखर्च साहेब, हुंडीचा मुद्दा फार मोलाचा. समितीला मी खलनायक म्हणत नाही. म्हणायचंय ते इतकंच की खर्च कशावर झाला हेही पाहायला हवं. शाळा, शिक्षकांचे पगार, नवी ठाणी. स्थानिक शिक्षक आणि प्रचारक नेमले म्हणून खर्च वाढला. युरोपियन मिशनरी मरत होते, तेव्हा काम चालू ठेवायचा दुसरा मार्गच नव्हता.

राजीनाम्यानंतरचं लिहायचं राहिलं होतं. सरकारी नोकरी १८६० मध्ये संपली, मग त्यांनी शेती केली, बागकाम केलं, आणि पद नसतानाही प्रवचन देत राहिले. ज्या संस्थेने हिशोबावरून बाजूला केलं तिच्याबद्दल कटुता धरली नाही. १८७३ मध्ये वयाच्या ६३व्या वर्षी संस्थेने त्यांना पुन्हा सेवेत घेतलं. किनाऱ्यावरच्या अनोमाबुला काही वर्षं, नंतर अक्राला. अनोमाबुच्या काळात मोठ्या संख्येने लोक चर्चमध्ये आले. १८८५ मध्ये मिशनची पन्नाशी झाली, तेव्हा प्रवचनाला म्हातारे फ्रीमनच उभे राहिले. १८८६ मध्ये निवृत्त झाले. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा खरा कस या दुसऱ्या खेपेत लागला. कुमासीची मिरवणूक कुणालाही उमेद देईल. मिशनचा अधीक्षक राहिलेल्या माणसाने सोळा वर्षांनी साधा पाद्री म्हणून परत यायला वेगळं मन लागतं.

खडकवाट

त्या दोन राजपुत्रांचं पुढे काय झालं? गाडीबरोबर गेलेल्या.

रानजाई

ओवुसू अन्साची कहाणी तळटीप यांच्या आक्षेपाशी जोडलेली आहे. तो काही काळ मेथडिस्ट मिशनमध्ये शिक्षक-प्रचारक होता. नंतर आसांटे दरबार आणि ब्रिटिश यांच्यातला मध्यस्थ बनला आणि हळूहळू दरबाराचाच माणूस झाला. १८८४ मध्ये वारला. त्याचे मुलगे जॉन आणि अल्बर्ट १८९५ मध्ये आसांटेचं शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले, राज्य वाचवायला. इंग्रजी कायदा, इंग्रजी पत्रव्यवहार, सगळं त्यांना येत होतं. ब्रिटिश सरकारने त्यांना अधिकृतपणे भेटायचंच नाकारलं. १८९६च्या जानेवारीत फौज कुमासीत शिरली, राजा प्रेम्पे पहिला याला कैद करून आधी सिएरा लिओनला आणि १९०० मध्ये सेशेल्सला धाडलं. या दोघा भावांवर बनावट कागदपत्रांचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले.

तळटीप

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्यांना शिकवून ‘आपले’ केलं, त्यांच्याच पुढच्या पिढीने तेच शिक्षण वापरून त्यांना जाब विचारला आणि उत्तर म्हणून सत्तेने फौज पाठवली. सत्तेबद्दलचं माझं मत आणखी पक्कं झालं. फ्रीमन यांच्याबद्दलचं थोडं बदललं. ओवुसू अन्सावर वेगळा धागा काढा, वाट पाहतो.